ख्रिगूचे अकरा सेकंद

माझ्या धंद्यात उशिरा आलेलं बरोबर उत्तर हे चुकीचं उत्तर असतं. डोंगरावर चढणाऱ्या दोरगाड्यांच्या ब्रेकची यंत्रणा मी बनवते. दोन सेकंदांत ब्रेक लागायचा असं ठरलं असेल आणि तो तिसऱ्या सेकंदाला लागला, तर तो कितीही छान लागला तरी काय उपयोग? तोवर डबा दरीत गेलेला असतो. ठरलेल्या वेळेच्या आत हमखास उत्तर देणं, याला आम्ही रिअल-टाइम म्हणतो. लोक मात्र हा शब्द कशालाही चिकटवतात आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. स्वित्झर्लंडमधल्या आमच्या टानेनबाख गावच्या बेकरीत 'रिअल-टाइम पाव' अशी पाटी आहे. म्हणजे काय, असं मी बेकरीवालीला विचारलं, तर म्हणाली, "म्हणजे गरम गं."

त्याच चालीवर आमच्या पंचायत कचेरीने लग्नाची नोंदणी रिअल-टाइम करायचं ठरवलं. इथे लग्न लागलं की वरच्या कचेरीत ते लगेच दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी निविदा काढली. 'रिअल-टाइम असल्याचं प्रमाणपत्र जोडावे' या कलमाखाली सात अर्जदारांपैकी फक्त आमच्या कंपनीने खरोखरीचं प्रमाणपत्र जोडलं. ते दोरगाडीच्या ब्रेकचं होतं. पण प्रमाणपत्र असलेली वस्तू बाजूला सारायची आमच्याकडे कुणाची छाती होत नाही. काम आम्हाला मिळालं, आणि गाव माझं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

आमच्या यंत्रणेचा अर्ज ठरलेला असतो. पहिला रकाना: उत्तरासाठी जास्तीत जास्त वेळ. हे ठरवायला गावसभा भरली. किती सेकंद असावेत याची कुणालाच कल्पना नव्हती, म्हणून हात वर करून मतदान झालं. तीन सेकंदांच्या बाजूने एकतीस, चारच्या बाजूने चौतीस. चार सेकंद ठरले. दुसरा रकाना: काही बिघडल्यास सुरक्षित स्थिती कोणती? ब्रेकच्या बाबतीत तिथे 'थांबलेली' असं लिहितात. लग्नाच्या बाबतीत काय लिहायचं हे सभेला सुचेना, तेव्हा तो रकाना मी भरला. माझा घटस्फोट होऊन दोनच वर्षं झाली होती. मी लिहिलं, 'अविवाहित'.

तेव्हा मला वाटलं होतं, गंमत आहे. मग माझ्या भावाने लग्न करायचं ठरवलं.

माझा भाऊ ख्रिगू अठ्ठावन्न वर्षांचा आहे. कागदोपत्री त्याचं नाव ख्रिस्टियान गेर्बर, पण त्या नावाने त्याला फक्त दंतवैद्य हाक मारतो. तो चीजच्या तळघरात काम करतो. तिथे चीजच्या चाकासारख्या गोल ढेपा मुरत ठेवलेल्या असतात, एकेक चाक शंभर किलोचं. ख्रिगू त्यावर छोट्या हातोडीने टकटक करतो, कान देतो, थांबतो, आणि मग सांगतो, हे झालं, हे नाही झालं. माणसांशीही तो तसाच वागतो. तुम्ही त्याला काही विचारलंत की तो ते आत घेतो, थांबतो, आणि मग उत्तर देतो. बर्नकडची माणसं संथ म्हणून झुरिकवाले आमची चेष्टा करतात, पण ख्रिगूपुढे बर्नकरसुद्धा घड्याळ बघतात. लहानपणी मी त्याला विचारायची, "ख्रिगू, मला उचलून घेशील?" आणि तो विचार करत असताना मी चालतच घरी पोचायची.

आणि या माणसावर जीव जडला कुणाचा, तर रेगुला होट्झचा. ती झुरिकची. तीस वर्षं तिने परिषदांमध्ये काचेच्या खोक्यात बसून दुभाष्याचं काम केलं, म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्या भाषेत ते संपवायचं. सवय अशी की तुम्ही "मला जरा" म्हणालात की ती "मीठ" म्हणून मीठ पुढे करते, आणि बहुतेक वेळा तुम्हाला मीठच हवं असतं. एकदा ती चीज घ्यायला आली आणि ख्रिगूला म्हणाली, "हे किती जुनं आहे?" ख्रिगूने टकटक केलं, थांबला, आणि म्हणाला, "चौदा महिने. पण अजून दोन थांबा." ती दोन महिन्यांनी परत आली. मला म्हणाली, "लीझी, माझ्या प्रश्नाचा इतका विचार आजवर कुणी केला नव्हता." चार वर्षांनी तिनेच त्याला लग्नाचं विचारलं. तो हो म्हणाला. किती वेळाने, ते तिने तेव्हा मोजलं नव्हतं.

पहिल्या खेपेला आम्ही सगळे कचेरीच्या वरच्या मजल्यावर जमलो. साठ पाहुणे, खाली अंगणात मेरिंगच्या गोड कुरकुरीत वड्या आणि साय तयार. विवाह नोंदणी अधिकारी नीडेगरबाई मायक्रोफोनसमोर उभ्या. त्या आडनावांच्या वर्णक्रमाने विचारतात, त्यामुळे गेर्बर आधी आणि होट्झ नंतर. "ख्रिस्टियान गेर्बर, आपण रेगुला होट्झ यांच्याशी विवाह करू इच्छिता का?" यंत्राचं घड्याळ सुरू झालं. ख्रिगूने प्रश्न आत घेतला. एक, दोन, तीन, चार.

लाल दिवा लागला, दारं आपोआप उघडली, आणि छतातून एका बाईचा गोड आवाज आला: "कृपया घाबरू नका. ब्रेक लागला आहे. आपण सुरक्षित आहात. डब्यातून रांगेने बाहेर पडून जमण्याच्या जागी थांबा."

दोरगाडीचा आवाज बदलायचा राहून गेला होता, ही चूक माझी. पण सूचना ती सूचना. आमच्या गावात सूचना आली की माणूस ती पाळतो, मग तुम्ही डब्यात आहात की लग्नात हा प्रश्न दुय्यम. मागची रांग आधी उठली, मग मधली, मग पुढची. नीडेगरबाईंनी नोंदवही काखेत मारली. पहिल्या रांगेत मी होते, मीही उठले. रेगुला तर सगळ्यांच्या पुढे, पांढऱ्या बुटांनी खाडखाड जिना उतरत गेली. आम्ही सगळे लिंडनच्या झाडाखाली, जमण्याच्या जागेच्या हिरव्या पाटीजवळ उभे राहिलो. ख्रिगू सगळ्यांच्या शेवटी, थोड्या वेळाने आला. रेगुलाने त्याला विचारलं, "का रे, ख्रिगू?" तो विचार करू लागला. तोवर ती गाडीत बसून निघून गेलीसुद्धा.

मी रागाने कचेरीत गेले. "चारचे पंधरा सेकंद करा," म्हटलं.

नीडेगरबाई म्हणाल्या, "गावसभेचा ठराव आहे. पुढची सभा डिसेंबरात."

"मग यंत्र बंद ठेवा."

"प्रमाणपत्र असलेलं यंत्र? लीझबेत, तुम्हीच बनवलंय ना ते?"

तेही खरंच होतं. बरं, आकडा बदलला की नव्याने चाचण्या आल्या, आणि त्यांना चौदा महिने लागतात. इकडे लग्नाची परवानगी तीन महिने चालते. शिवाय तीन वेळा चूक झाली की यंत्र ते जोडपं कायमचं बाद करतं. ब्रेक तीनदा चुकला तर डबा भंगारात काढतात, तसंच. हेही मीच बसवलेलं. माझ्याच हुशारीने मी माझ्या भावाचा संसार अडवून बसले होते, आणि या वयात मला त्याच्या तोंडाकडे बघायची लाज वाटत होती.

दुसऱ्या खेपेआधी रेगुलाने त्याचा सराव घ्यायचं ठरवलं. दोन आठवडे ती स्टॉपवॉच घेऊन त्याच्या मागे. "ख्रिगू, कॉफी? ख्रिगू, पाव? पटकन! विचार नको करूस!" बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. तळघरात एका चाकाला त्याने ऐकायच्या आतच 'झालं' म्हणून टाकलं आणि ते कच्चं निघालं. तीस वर्षांत पहिल्यांदा. समारंभाच्या दिवशी नीडेगरबाई "ख्रिस्टियान" एवढंच म्हणाल्या आणि तो ओरडला, "हो!"

लाल दिवा. प्रश्नाआधी आलेलं उत्तर यंत्राला उशिरा आलेल्या उत्तरापेक्षाही वाईट वाटतं. ते म्हणजे बिघडलेला सेन्सर. कृपया घाबरू नका. पुन्हा मागची रांग, मधली रांग, पुढची रांग, लिंडनचं झाड. या वेळी लोक सरावले होते. काहींनी उतरताना कोट आठवणीने घेतले.

संध्याकाळी रेगुला माझ्याकडे आली. ती कधी खुर्चीच्या कडेवर बसत नाही, त्या दिवशी बसली.

"शुक्रवारी परवानगी संपते, लीझी. शुक्रवारी झालं नाही तर मी झुरिकला परत जातेय. बहिणीकडे खोली आहे."

"अगं, पण तो कधी नाही म्हणाला का?"

"हो तरी कुठे म्हणाला? एकदा गप्प बसला आणि एकदा शिकवलेल्या पोपटासारखा ओरडला. नको असेल तर नको म्हण ना बाबा! एका बाईने तो जिना किती वेळा उतरायचा?"

मला तिला सांगायचं होतं की तो तसाच आहे, त्याला तू हवी आहेस. पण हे मी सांगून काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी मी तळघरात गेले. स्टॉपवॉच खिशात होतंच, आमच्या धंद्यात ते किल्ल्यांसारखं बरोबर असतं. "ख्रिगू, थंडी वाजतेय का?" मी विचारलं. अकरा सेकंद. "नाही." मग विचारलं, "आईची बरणी कुठे ठेवलीस?" अकरा सेकंद. "फडताळात, वर." मी आणखी चाळीस प्रश्न विचारले. पाऊस पडेल का, देव आहे का, तुझं नाव काय. प्रत्येक वेळी अकरा. देवालाही अकरा, नावालाही अकरा. एकदासुद्धा साडेदहा नाही की साडेअकरा नाही.

मी एका चाकावर मटकन बसले. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले होते की वेगवान असणं वेगळं आणि भरवशाचं असणं वेगळं. कधी चटकन लागणारा आणि कधी विसरून जाणारा ब्रेक मी फेकून देते. रोज त्याच क्षणाला लागणारा ब्रेक संथ असला तरी चालतो, त्याच्याभोवती बाकीचं सगळं बसवता येतं. आणि माझ्याच घरात, माझ्याच ताटाशेजारी, अख्ख्या देशातला सगळ्यात भरवशाचा ब्रेक वाढला होता, आणि मी त्याला आयुष्यभर 'चल रे, आटप' म्हणत आले होते.

पुढचं गणित सोपं होतं, ते मी रेगुलाला समजावलं. नीडेगरबाईंचा प्रश्न सहा सेकंद चालतो. त्याआधी त्या चष्मा लावतात, घोटभर पाणी पितात आणि मग तोंड उघडतात. त्याला तीन सेकंद. म्हणजे त्यांनी चष्म्याला हात घातला की रेगुलाने हळूच त्याला विचारायचं. अकराव्या सेकंदाला, प्रश्न संपून बरोबर दोन सेकंदांनी, हो बाहेर पडेल.

"आणि मधे नीडेगरबाईंचा प्रश्न ऐकून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली तर?" रेगुलाने विचारलं.

"तो हातातला प्रश्न संपल्याशिवाय दुसरा घेत नाही."

"आणि त्याने माझ्या प्रश्नाला नाही म्हटलं तर?"

मी म्हटलं, "तर निदान वेळेवर म्हणेल."

शुक्रवारी सकाळी अकराला पुन्हा सगळे जमले. पाहुण्यांनी या खेपेला कोट काढलेच नव्हते. साय फेटायचीसुद्धा कुणी घाई केली नव्हती. माझा जीव टांगणीला लागला होता. नीडेगरबाईंचा हात चष्म्याकडे गेला. रेगुला ख्रिगूच्या कानाशी वाकली आणि काहीतरी पुटपुटली. मी खिशातल्या खिशात बटण दाबलं. पाणी. प्रश्न. "...विवाह करू इच्छिता का?" एक. दोन.

"हो," ख्रिगू म्हणाला.

हिरवा दिवा! साठ माणसांनी एकदम श्वास सोडला. मला नाचावंसं वाटलं. ख्रिगूने मायक्रोफोनकडे बघितलंही नव्हतं. ज्या कानात प्रश्न पडला होता त्या बाजूला वळून त्याने रेगुलाला उत्तर दिलं होतं.

"रेगुला होट्झ, आपण ख्रिस्टियान गेर्बर यांच्याशी विवाह करू इच्छिता का?"

रेगुलाची काळजी आम्ही कुणी केलीच नव्हती. दोन्ही खेपांना तिची पाळी येण्याआधीच आम्ही झाडाखाली होतो. आणि जी बाई मीठ मागायच्या आधी मीठ देते, तिची काय काळजी करायची?

रेगुला ख्रिगूकडे बघत होती. एक. तिचे ओठ हलले आणि थांबले. दोन. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन. "बोल!" मी ओरडले. "अगं बाई, बोल!"

चार. लाल दिवा. दारं उघडली. "कृपया घाबरू नका. ब्रेक लागला आहे. आपण सुरक्षित आहात."

मागची रांग उठली. मधली उठली. माझ्या शेजारचे लोक उठले, त्यांच्याबरोबर माझेही पाय उठले. नीडेगरबाईंनी नोंदवही उचलली. तेव्हा ख्रिगूने हात वर केला, तळघरात चाकाला कान देताना करतो तसा, आणि म्हणाला, "थांबा जरा. ती विचार करतेय."

ख्रिगूने कुणी न विचारता काही बोलायची ही पहिलीच वेळ. नीडेगरबाई जागच्या जागी थबकल्या. मी बसले. खोली रिकामी झाली, जिन्यावरचे पाय वाजायचे थांबले, आणि आम्ही तिघं रेगुलाकडे बघत राहिलो. ख्रिगूला कसलीही घाई नव्हती. माझ्या खिशातलं घड्याळ चालूच होतं.

"हो," रेगुला म्हणाली. तिने नाक पुसलं. "हो, इच्छिते. आयुष्यभर मी दुसऱ्यांचीच उत्तरं बोलले गं, लीझी. स्वतःचं कुठे ठेवलंय तेच सापडेना."

यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. नीडेगरबाईंनी ती मोठ्याने वाचली. "'उत्तर: होकार. विलंब: एकवीस सेकंद. अग्राह्य. स्थिती: अविवाहित. जोडपे कायमचे बाद.'"

मी डोकं धरलं. नीडेगरबाईंनी मात्र चिठ्ठी उलटसुलट केली, मग कपाटातून कायद्याचं जुनं पुस्तक काढलं आणि बोट ठेवून वाचू लागल्या. "दोघांचा होकार. अधिकाऱ्यासमोर. दोन साक्षीदारांसमोर." त्यांनी पान उलटून मागे पाहिलं. "सेकंदांचं इथे काहीच लिहिलेलं नाही."

"मग आधी दोनदा का नाही वाचलंत?" माझा आवाज चढला.

"आधी दोनदा मी झाडाखाली होते ना! इथे कोण काय बोललं, मी कशी ऐकणार?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पण साक्षीदार दोन हवेत. इथे तुम्ही एकट्याच आहात."

मी खिडकी उघडली. खाली हिरव्या पाटीभोवती गाव रांगेत उभं होतं. "एकजण वर या! साक्षीदार हवाय!"

"अजून धोका टळल्याची सूचना आली नाही!" बेकरीवाली खालून ओरडली.

"अगं, कसला धोका? लग्न आहे!"

"सूचना आली की येतो!"

कुणी पाऊल हलवेना. शेवटी नीडेगरबाईंनीच तोड काढली. साक्षीदाराला दिसलं आणि ऐकू आलं म्हणजे झालं, त्याने छताखालीच उभं राहावं असं पुस्तकात नव्हतं. ख्रिगू आणि रेगुला खिडकीत उभे राहिले. नीडेगरबाईंनी मायक्रोफोन बाजूला ठेवला, चष्मा लावला, पाणी प्यायल्या आणि खिडकीतून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ख्रिगूला प्रश्न विचारला.

ख्रिगूने तो आत घेतला. साठ तोंडं वर बघत होती. कुणी खोकलं नाही. चार सेकंद आले आणि गेले, आणि आकाश कोसळलं नाही. बेकरीवालीने हातातलं मेरिंगचं ताट पोटाशी धरलं. अकराव्या सेकंदाला तो म्हणाला, "हो." या खेपेला रेगुलाला पाचसुद्धा लागले नाहीत. बेकरीवालीने खालून हात वर केला, "ऐकलं!" आणि नीडेगरबाईंनी नोंदवहीत पेनने लिहिलं.

मी सही केली. यंत्राच्या लेखी ते दोघं अजून अविवाहित आहेत आणि बाद आहेत, ते डिसेंबरच्या सभेपुढे येईल. मला त्याचं काही वाटलं नाही, याचंच नवल वाटलं. सहज म्हणून मी ख्रिगूला विचारलं, "काय रे, त्या पहिल्या दिवशी आणखी थोडा वेळ मिळाला असता, तर तू काय म्हणाला असतास?"

तो थांबला. या वेळी मी घड्याळ बघितलं नाही.

"म्हणालो होतो की," ख्रिगू म्हणाला. "हो म्हणालो. पण तुम्ही सगळे बाहेर गेला होतात."

"आणि हे तू इतके दिवस सांगितलं नाहीस?"

पुन्हा तेवढंच थांबून तो म्हणाला, "कुणी विचारलं नाही."

रेगुला रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होती. "मी तेव्हा जिन्यात होते," ती म्हणाली. मग ती बराच वेळ काहीच बोलली नाही, आणि आम्ही कुणी तिला घाई केली नाही.